कीबोर्डमागचा अंगठ्याएवढा तुकडा

इतक्या वर्षांनीही कोणाच्या टेबलावर कीबोर्ड दिसला, की माझी नजर आधी त्याच्या वायरीकडे जाते. ही सवय मला एका प्रकरणाने लावली. तेव्हा मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो.

दाखले काढून देणाऱ्या एका खासगी केंद्राबद्दल तक्रार आली. केंद्रातल्या ऑपरेटर बाईच्या नावाने सात बनावट रहिवासी दाखले निघाले होते, तेही रविवारी, केंद्र बंद असताना. पासवर्ड फक्त तिलाच ठाऊक होता. संशय सरळ तिच्यावर गेला.

बाई तिशीतली. नवरा बसस्टँडजवळ मोटरसायकली दुरुस्त करायचा. तो तिच्याबरोबर ठाण्यात आला. महिला शिपायासमोर मी तिचा जबाब घेऊ लागलो.

"मी कोणालेच नाई सांगतला, साहेब. माह्या मायलेबी नाई."

"पासवर्ड काय होता?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"सांगून टाक ना," नवरा वैतागला. "कायले गप्प बसून राहिली? लोकं मले विचारून राहिले."

ती बोलेना. मी आवाज चढवला, तरी नाही. शेवटी नवऱ्याला बाहेर बसवलं, तेव्हा तिने कागदावर एक शब्द लिहून पुढे केला. मुलीचं नाव होतं. ते मी इथे लिहीत नाही.

"माही पोरगी होती. सिकलसेलच्या बिमारीने गेली, चार वर्षांची. ह्यायच्यानं सहन होत नाई म्हणून घरी कोणी तिचं नाव घेत नाई. मी सकाळी मशीन सुरू करतो, तवा लिहून घेतो. तेवढंच."

महिला शिपाई उठून पाणी आणायला गेली. मी फाईल बंद केली.

दुसऱ्या दिवशी दोन पंच आणि बाईला घेऊन केंद्रात गेलो. जप्तीच्या पंचनाम्यात एकूणएक वस्तू लिहावी लागते. मॉनिटर, सीपीयूचा डबा, माऊस असं लिहीत हवालदार कीबोर्डची वायर काढू लागला आणि थांबला. वायर आणि डबा यांच्यामध्ये अंगठ्याएवढा एक काळा तुकडा होता. शेजारच्या मशीनला तसा तुकडा नव्हता.

"हे काय आहे?" मी बाईला विचारलं.

"दुरुस्तीवाल्या दादाने लावला. बटणं अटकत होती. जोडणी ढिली आहे म्हणाला. आता तो महिन्यातून एकदा येते, साफसफाई करून जाते."

मला स्वतःला तो साधा जोड वाटला होता. जिल्ह्याच्या सायबर सेलने तो उघडला, तेव्हा समजलं. कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक बटण तो स्वतःजवळ साठवत होता. मशीनमध्ये व्हायरस नव्हता, कुलूप तुटलं नव्हतं. तुकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि कोणी कधी टेबलामागे वाकून पाहिलं नव्हतं.

दुरुस्तीवाला गोंदियाचा. आधी हसत बोलला, "साब, वो तो कनेक्टर है." तासभर तेच चाललं. मग मी तुकडा त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणालो, "यात जे नाव रोज सकाळी येतं, ते कोणाचं आहे माहीत आहे?" मुलीची सगळी हकीकत सांगितली. याच केंद्रात तो बाईच्या जेवणाच्या डब्यातलं जेवला होता.

त्याने तुकडा बोटाने दूर सारला. "मुझे लगा ऐसे ही कोई नाम है, साब," म्हणाला, आणि कबूल झाला. साफसफाईच्या निमित्ताने तो तुकड्यातला पासवर्ड वाचून न्यायचा आणि रविवारी स्वतःच्या मशीनवरून बाईच्या नावाने दाखले काढायचा. ते कोणासाठी काढले, तेही सांगितलं.

तुकड्यातला मजकूर छापून आला, तो ओळखण्यासाठी बाईला बोलावलं. नवरा आलाच. रोजच्या कामाच्या सुरुवातीला तेच नाव. पानामागून पान. त्याने कागद हातात घेतला.

"हे काय होय?"

"पासवर्ड," ती म्हणाली.

तो बाकावर बसला. "मले वाटे, तू विसरली."

ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. मी उगाच रजिस्टर चाळत राहिलो. थोड्या वेळाने तिने विचारलं, "साहेब, आता पासवर्ड बदलावा लागन का?"

"हो, बदलावाच लागेल."

तिचा चेहरा पडला. नवरा म्हणाला, "बदलून टाक. तिचं नाव आता आपण घरी घेऊ." आणि ठाण्यात सगळ्यांसमोर त्याने ते नाव घेतलं, हाक मारावी तसं.

पुढे ज्या ज्या कार्यालयात गेलो, तिथे लोकांना टेबलामागे वाकून वायरी बघायला लावल्या. कीबोर्ड-माऊसवर कोणी संशय घेत नाही, हे मी शिकलो. पण मनात राहिलं ते वेगळंच. केस डायरीत पहिल्या दिवशी मी त्या बाईबद्दल लिहिलं होतं, 'उत्तर देण्यास टाळाटाळ करते'. ती मुलीला जपत होती, नवऱ्याला जपत होती, आणि मला त्यात गुन्हा दिसला होता. त्यानंतर समोरचा माणूस गप्प झाला, की मी आवाज चढवला नाही. खोलीतून कोणाला बाहेर पाठवायला हवं, ते आधी पाहिलं.