माळ्याला फरशी

वाटूरचे पुंजाराम एकतीस वर्षं शाळेत शिपाई होते. हेडमास्तरांचा निरोप ते एकही शब्द न बदलता वर्गावर्गात पोचवत. निरोप समारंभात तीन शिक्षकांनी याच सवयीचं कौतुक केलं.

यंदा मार्चमध्ये त्यांची मुलगी भावना बाळंतपणाला माहेरी आली. सिझेरियन झालं. मधल्या खोलीत तिची खाट होती आणि शेजारी मधल्या कडीला बांधलेली बाळाची झोळी. याच आडव्या लाकडी कड्यांवर, पत्र्याखाली, अडीच फूट उंचीचा माळा. वर्षातून दोनदा कुणीतरी रांगत जाऊन गोधड्या नाहीतर मोठी पातेली काढायचं, एवढाच त्याचा वापर. माळ्याच्या फळ्या कुजल्या होत्या. फटींतून उंदरांच्या लेंड्या थेट झोळीत पडत. पुंजारामांनी पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला, भारतला, फोन केला. तो म्हणाला, "पप्पा, माळ्याला फरशी करून घ्या."

कचरू मिस्त्री आले. त्यांनी प्लाय सुचवला, नाहीतर सिमेंटचे पातळ पत्रे.

"फरशी," पुंजाराम म्हणाले.

"वरी काय पंगत बसवायची का, भाऊ? उंदरं घसरून पडतील ना."

"पोरानं फरशी सांगितली."

"मंग बराबर. पुण्याचा हुकूम म्हणल्यावर आपण कोण बोलणार?"

कचरूंनी कड्यांवर हातोडी वाजवून पाहिली. कड्या बाभळीच्या होत्या. मातीच्या छताच्या धाब्याच्या घरांत असल्याच कड्यांनी फूटभर माती पेललेली त्यांनी पाहिली होती. भिंतीत गेलेली टोकं मात्र दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शहाबादी फरशी आली, दोन बाय दोनची, एकेक तीस किलोच्या आसपास. काम चालू असताना मायलेकरांना पुढच्या खोलीत हलवलं होतं. दुपारपर्यंत अकरा फरश्या वर चढल्या आणि कचरू जेवायला घरी गेले. पुढच्या खोलीत उकडत होतं, म्हणून भावना बाळाला घेऊन मधल्या खोलीत परतली. बाळ झोळीत झोपलं, तीही आडवी झाली.

"अहो," पुंजारामांची बायको बेबीनंदा म्हणाली, "हे पीठ कशाचं पडून राह्यलं?"

भिंतीच्या कडेनं पिवळसर भुकटी बारीक धारेनं पडत होती. पुंजारामांनी वर पाहिलं. सकाळी सरळ असलेल्या मधल्या कडीला पोट आलं होतं. तेवढ्यात ओलं लाकूड चुलीत तडकावं तसा आवाज झाला.

धोतर ओलं झालं, हे पुंजाराम स्वतःच सांगतात. झोळी त्याच कडीला होती. बाळ ओढून काढलं तर झोका बसणार, आणि झोका कडीला सोसेल की नाही, कळायला मार्ग नव्हता. त्यांनी दोन्ही हात कापडाखाली घातले आणि दोरी हळूहळू सैल होईल असं बाळ उचललं. बाळानं आळस दिला. कडी पुन्हा वाजली.

"भावना, बोलू नको. कुशीवर हो."

"पप्पा, टाके—"

"जल्दी."

बेबीनंदानं तिला काखेत धरून उठवलं. खाट ते उंबरा, चार पावलं. भावनाला पावलं उचलता येत नव्हती, ते अंतर फरफटत पार करावं लागलं. भुकटी तिच्या केसांत पडत होती.

कडी पडली नाही. कचरूंनी खाली दोन लोखंडी टेके लावले आणि अंधार पडेपर्यंत एकेक फरशी उतरवली. भिंतीतलं टोक वाळवीनं खाल्लं होतं. त्यात त्यांचं बोट मुळापर्यंत गेलं. त्यांनी ते कुणाला दाखवलं नाही. पुंजारामांनी पाहिलं.

रात्री भारतचा फोन आला.

"शहाबादी? पप्पा, कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच."

"नुसता तळ बदला म्हणायचं होतं. फ्लोअरिंग म्हणलं तर तुम्हाला कळायचं न्हाई म्हणून फरशी म्हणलो मी!"

बेबीनंदानं फोन हातात घेतला. "कळलं नसतं तर इचारलं असतं ना रे त्यांनी."

आता लोखंडी अँगलवर अठरा मिलिमीटरचा प्लाय आहे. दोन माणसं रांगली तरी हलत नाही. कचरूंनी स्वतः रांगून दाखवलं. भावना दारातच उभी राहिली, आत आली नाही. सव्वा महिना भरायच्या आधीच ती मंठ्याला सासरी गेली. तिथं डॉक्टर जवळ आहे, असं म्हणाली. पुंजारामांनी राहण्याचा आग्रह केला नाही.