दुसरा बोकड

"हिच्या डोक्यावर हात ठेवल्यावर धुवायचे कशानं? हौदात पाणी हाय का?"

शैला माझ्या मागून बोलली, रांगेतून. हळू, पण मला ऐकू यावं इतपत. तिच्या शेजारची निर्मला तोंडावर हात धरून म्हणाली, "भिंतीला पूस की."

दोघी हसल्या. मग शैलाची पाळी आली. तिची बोटं माझ्या केसांना टेकली न टेकली तोच उचलली गेली. मग निर्मलाची. मग पुढच्या मुलीची. मी वसतिगृहाच्या व्हरांड्यासमोर खडीवर गुडघे टेकून बसले होते. मान खाली. खडी गुडघ्यात रुतत होती. मला हलायची भीती वाटत होती. रडायची तर त्याहून जास्त.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. नव्या पाट्या, नव्या जीपा, नवं कलेक्टर ऑफिस. पाणी मात्र नव्हतं. त्या ऑफिसात माझे बाबा शिपाई होते. इतर शिपायांबरोबर एका खोलीत राहायचे, म्हणून मी ख्रिस्ती वसतिगृहात. आई निलंग्याकडच्या आमच्या गावात. आम्ही बौद्ध. आजोबांनी घरातले देव नदीत सोडले, आणि बाबांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. "इंग्रजीत जातच न्हाई, पोरी," ते म्हणायचे. त्यांचा त्यावर खरंच विश्वास होता.

वसतिगृहाच्या रेक्टरबाई वाईट नव्हत्या. मला ताप आला होता तेव्हा त्यांनी स्वतःची शाल माझ्या अंगावर घातली होती. दर गुरुवारी त्या आम्हाला बायबल वाचून दाखवायच्या. त्यात वर्षातला एक दिवस होता, प्रायश्चित्ताचा. याजक, म्हणजे त्यांचा पुजारी, दोन बोकड घेतो. चिठ्ठ्या टाकतो. एक बोकड देवासाठी कापतात. दुसऱ्याच्या डोक्यावर याजक दोन्ही हात ठेवतो, लोकांची सगळी पापं बोलून त्याच्यावर घालतो, आणि त्याला रानात हाकलून देतात. ही यहुद्यांची जुनी रीत, बाई सांगायच्या. येशूनं सगळ्यांच्या जागी स्वतःला दिलं, तेव्हापासून बोकडाची गरज उरली नाही.

हे सांगून झाल्यावर बाईंनी आमच्यासाठी बोकड परत आणला.

ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, दर शुक्रवारी, एका मुलीनं सगळ्यांसाठी गुडघे टेकायचे. बाकीच्यांनी एकेक करून तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि आपला दोष मनात म्हणायचा. बाईंना वाटायचं, अशानं मुली एकमेकींचं ओझं उचलायला शिकतील. पहिल्या शुक्रवारी चिठ्ठी शैलाची निघाली. ती बसली, पण रडून तिनं वसतिगृह डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. औशाकडचे मोठे बागायतदार. दुष्काळातही त्यांच्या विहिरीला पाणी होतं, आणि आमच्या हौदात येणारा टँकर त्याच विहिरीवर भरायचा.

चिठ्ठ्या बंद झाल्या.

"जिच्या मनात प्रेम आहे तिनं आपणहून पुढं यावं," बाई म्हणाल्या. कुणी उठलं नाही. बाईंची नजर सगळ्यांवरून फिरली आणि माझ्यावर थांबली. पुढच्या शुक्रवारीही माझ्यावरच थांबली. मला 'नाही' म्हणता येत नव्हतं असं नाही. दोन भाषांत येत होतं. तोंडातून निघत नव्हतं.

मग हौदाचं झालं. प्रत्येकीला बादलीभर पाणी, त्यातच सगळं, असा नियम होता. सोमवारी दुपारी शैलानं हौदाच्या नळाखाली बसून केस धुतले. मी खिडकीतून पाहिलं. ती डोक्याला पंचा गुंडाळून गेली आणि नळ चालूच राहिला. मी धावत जाऊन बंद केला तेव्हा हौदाच्या तळाला शेवाळ दिसत होतं.

संध्याकाळी बाईंनी मला खोलीत बोलावलं.

"तू पाहिलंस ना?"

"हो, बाई."

"कुणाला सांगितलंस?"

"नाही."

त्यांनी दार लोटून घेतलं. "शैलाचं नाव घेतलं तर तिचे वडील टँकर बंद करतील. एवढ्या मुली कुठं जातील? आणि नाव कुणाचं तरी घ्यावं लागणार. मुली चिडल्यात." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू म्हण, माझ्या हातून झालं. आजवर सगळ्यांसाठी तूच बसलीस. तुझ्यात ती शक्ती आहे."

"मग माझं काय होईल?"

"पाण्याचा नियम मोडणारीला ईस्टरपर्यंत घरी जावं लागतं. नंतर मी स्वतः तुला घ्यायला येईन."

ईस्टरच्या आधी दहावीची परीक्षा होती. बाईंना ते माहीत होतं. मी विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "ऑक्टोबरात परत बसता येतं. उद्या दुपारी सगळ्यांसमोर सांगू."

मी गप्प राहिले. त्यांनी तो होकार धरला.

ऑक्टोबर माझ्यासाठी येणारच नव्हता. आईनं मामाच्या मुलासाठी शब्द देऊन ठेवला होता. दहावी होऊ द्या, एवढं म्हणून बाबांनी लग्न अडवून धरलं होतं. दहावी न देता मी गावात उतरले असते, तर दारात लग्नाचा मांडवच उभा राहिला असता.

सकाळी बाबा ऑफिसला जाताना फाटकापाशी आले. मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. बाईंकडे जातील. त्यांनी आधी मागं वळून पाहिलं, रस्त्यावर कुणी ऐकतंय का ते.

"शैलाच्या बापाचं नाव घेऊ नगं," ते म्हणाले. "सायबाच्या समोर खुर्चीवर बसतो तो. मी चहा नेतो त्याला."

"मग मी काय करू, बाबा?"

"मला न्हाई ठाऊक, बाळा. मी भिऊन राहिलो."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ते गेले. माझी भीती कुठून आली ते मला त्या फाटकापाशी कळलं. ती माझ्या आधीची होती. बाबांच्याही आधीची. कुणीतरी हात ठेवून ठेवून ती आमच्यात भरली होती.

शाळेला न जाता मी प्रार्थनेच्या खोलीत गेले आणि बायबल उघडलं. बोकडाचा अध्याय सापडला. बाईंनी न वाचलेली एक ओळ तिथं होती: जो माणूस त्या बोकडाला रानात सोडून येईल, त्यानं कपडे धुवावेत, अंघोळ करावी, मगच वस्तीत यावं. म्हणजे पाप त्यांचं, आणि विटाळ बोकडाचा. मी ती ओळ पुन्हा वाचली. ही रीत मला ओळखीची होती.

मग अब्राहामाची गोष्ट. देवानं मागितला म्हणून तो पोटच्या पोराचा बळी द्यायला निघतो, ऐन वेळी पोराच्या जागी झुडपात शिंगं अडकलेला मेंढा मिळतो, पोरगा वाचतो, सगळे देवाचे आभार मानतात. मेंढा कापून जाळतात; त्याचे आभार कुणी मानल्याचं लिहिलेलं नाही. येशूचं मात्र वेगळं होतं. माझा जीव कुणी माझ्याकडून घेत नाही, मी आपणहून देतो, असं तो सांगतो. आणि यहेज्केल नावाच्या संदेष्ट्यानं तर सरळच लिहिलंय, की बापाचा दोष लेकावर नाही आणि लेकाचा बापावर नाही. ज्यानं पाप केलं त्याचं त्याच्यावर.

वाचून धीर आला असं नाही. फक्त एवढं कळलं, की बाईंनी अर्धंच वाचलं होतं.

दुपारी सगळ्या मुली व्हरांड्यासमोर उभ्या राहिल्या. ऊन तापलं होतं. कोरड्या हौदाचा वास येत होता. शैला पुढच्या ओळीत, केस नुसते चमकत होते. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. बाईंनी हळूच सांगितलं, "बस, बेटा." आणि मी बसायच्या आतच त्यांचे दोन्ही हात माझ्या डोक्यावर आले. जड. ऊबदार. मला दाबत नव्हते, पण खाली नेत होते.

माझे गुडघे वाकायला लागले. सवयीनं. टँकर बंद होईल. बाबांची नोकरी जाईल. या सगळ्या मुली मला खातील. यातलं काहीही खोटं नव्हतं. सगळं होऊ शकत होतं.

मी बाईंची मनगटं धरली आणि हात डोक्यावरून खाली घेतले. बाईंच्या अंगाला मी पहिल्यांदाच हात लावला होता. मग बोलले. आवाज चिरका निघाला, पण शेवटच्या मुलीपर्यंत गेला.

"हौद मी रिकामा केला नाही. कुणी केला ते तुम्हाला माहीत आहे. मी बसणार नाही, बाई, आणि घरीही जाणार नाही. मी परीक्षा देणार आहे."