कालव्यातलं पोकलेन

उचगावच्या दुकानाचं शटर वर केलं, की धनपाल मगदूम आधी मीटर हातात घ्यायचे. त्याच्या लाल आणि काळ्या वायरीची टोकं एकमेकांना टेकवायचे. बारीक ‘टीं’ ऐकू आली, की मगच खुर्ची पुसायला घ्यायचे. शेजारच्या चहावाल्यानं एकदा विचारलं, “आण्णा, ही कसली पूजा म्हणायची?”

“ह्यो खरं बोलतोय का न्हाई बघतोय,” ते म्हणाले. “दिवसभर ह्याच्या शब्दावर लोकांच्या मशीनी खोलायच्या असत्यात.”

तरुणपणी ते इचलकरंजीत यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त करत. त्या खडखडाटात डावा कान गेला आणि आवाज कायमचा मोठा झाला. पुढं ते मोठ्या मशीनींच्या वायरिंगकडं वळले. लोक त्यांना आण्णा म्हणत आणि शक्यतो त्यांच्याशी फोनवर बोलणं टाळत.

त्या दिवशी गुंडूला मात्र दुसरा इलाज नव्हता.

त्याचं जुनं पोकलेन बिद्रीच्या अलीकडं कालव्यात उभं होतं. गाळ काढायचं काम पाणी सुटायच्या आत उरकायचं ठरलं होतं. पण मशीन सारखी बंद पडत राहिली आणि काम मागं पडलं. आता पाणी सुटलं होतं. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचा निरोप होता, दिवस मावळायच्या सुमाराला इथं पोचेल. कालव्याचा उतार चढायचा तर बूम, म्हणजे मशीनचा तो लांब हात, वर उचलून बकेट काठावर रोवायला हवी. आणि बूम माणसाच्या खांद्याच्या वर गेला, की इंजिन मान टाकत होतं. ओढायला दुसरी मशीन निघाली होती, ती अजून ट्रेलरवर, घाटाच्या खालीच होती.

आण्णा पोचले तेव्हा उन्हं कलली होती. काठावर गुंडूची आई बायडाबाई जेवणाचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. वर्षापूर्वी वाटणीची जमीन विकून घरानं ही मशीन आणली होती. ती बुडली, तर घरात काय उरतं, हे तिच्या बसण्यातच दिसत होतं.

“स्क्रीन काय म्हणतीया?” आण्णांनी केबिनमध्ये डोकं घालत विचारलं.

“पंपाचा प्रेशर सेन्सर. दोनदा बदललाय. तरी बी तेच.”

“नवा हाय का जवळ?”

“हाय की.”

आण्णांनीही तोच बदलला. इंजिन सुरू झालं, बूम उठला. तिघांनीही श्वास धरला. बूम खांद्याच्या वर गेला, इंजिनानं घरघर केली आणि सगळं शांत झालं. लाल दिवा तेवढा पेटत राहिला.

“आण्णा, मी बी हेच केलतं की दोनदा,” गुंडू म्हणाला.

स्क्रीननं सांगितलं आणि आण्णांनी ऐकलं, ही त्यांची चूक होती, आणि तिच्यात अर्धा तास गेला होता. वरच्या गावातून कुणाचा तरी फोन आला. पाणी तिथल्या पुलाखालून गेलं होतं.

“पळत येतंय म्हणत्यात,” गुंडूचा आवाज चिरकला.

“ते येऊ दे. तू चावी फिरीव, इंजिन लावू नगंस.”

पंपाचा, बूमचा, ॲक्सिलरेटरचा, अशा तीन-चार सेन्सरना एकाच वायरीतून पाच व्होल्ट मिळतात. एका घरात तार चिकटली तर सगळ्या गल्लीचे दिवे मंद व्हावेत, तसं ते. आण्णांनी एकेक सेन्सर सोडवला. आता जोडलेलं काहीच नव्हतं. मीटरवर पाच दिसत होते. त्यांनी बूमच्या मुळाशी गेलेला वायरींचा जुडगा हातानं हलवला. आकडा शून्यावर आला. पुन्हा हलवला. पाच. पुन्हा शून्य.

“सेन्सर चांगले हायत,” ते म्हणाले. “वायर कुठंतरी बॉडीला लागतीया.”

तेवढ्यात बायडाबाई उतारावरून घसरत खाली आली. तिच्या हातात लिंबू होतं, मिरच्या होत्या.

“आण्णा, नजर लागलीय बघा मशीनला. गावात काय एक डोळा हाय व्हय! ह्ये एक बांधा आधी.”

“आई, वर जा! पाणी येतंय!” गुंडू ओरडला.

“तू गप. दर शनिवारी मी बांधते म्हणून एवढी तरी चालली.”

आण्णांनी तिच्या हातातलं लिंबू घेतलं. “कुठं बांधताय, आक्का?”

“ते काय, हाताच्या मुळाशी. दोरा तुटतो म्हणून बारीक तार घेते.”

आण्णा साखळीच्या ट्रॅकवर चढले. ग्रीस आणि धुळीच्या थरात बोटं घातली. सुकलेलं एक लिंबू निघालं, त्याखाली आणखी एक, त्याखाली नुसत्या तारा. वायरींच्या जुडग्याभोवती शनिवारमागून शनिवार आवळलेल्या. बूम उठला की तार ताणायची. दोन ठिकाणी तिनं वायरीचं कातडं कापून तांबं उघडं पाडलं होतं.

त्यांनी खाली पाहिलं. बायडाबाई हात जोडून उभी होती, डोळे मिटून.

पक्कड चालली. तुटलेल्या तारा त्यांनी खिशात कोंबल्या. उघड्या वायरींना वेगवेगळी टेप लावली, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, सगळे प्लग परत बसवले. कालव्याच्या वळणावरून पालापाचोळा ढकलत फेसाची एक ओळ पुढं सरकत येत होती.

“लाव!”

इंजिन लागलं. बूम खांद्यापर्यंत आला. खांद्याच्या वर गेला. आवाज बदलला नाही. बकेटचे दात काठात रुतले, ट्रॅक घसरले, पुन्हा धरले, आणि तो पिवळा देह कण्हत कण्हत उतार चढू लागला. आण्णांनी बायडाबाईचा दंड धरून तिला वर ओढलं. ती दोघं चढली तिथल्या पावलांच्या खुणा पाण्यानं लगेच पुसल्या.

वर आल्यावर बायडाबाईनं विचारलं, “काय झालतं हो आण्णा?”

“जुनी मशीन हाय, आक्का. वायर घासली हुती.”

“बघा, म्हणत हुते न्हवं! लिंबू हातात घेतलं आन् लगेच गावलं.”

“व्हय,” आण्णा म्हणाले.

मग गुंडूला ते चालू इंजिनाच्या मागं घेऊन गेले, खिशातल्या तारा त्याच्या मुठीत दिल्या. “हितनं फुडं सुती दोरा. आन् केबिनच्या आत, आरशाला. आईला सांगायचं, बाहेर चोरीला जातंय म्हणून. दुसरं काय बोलायचं न्हाई.”

गुंडू मुठीकडं बघत राहिला. मग त्यानं मूठ मिटली.

सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकला होता. जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्तानंतर आण्णा अन्न घेत नसत. ते बायडाबाईसमोर जमिनीवर मांडी घालून बसले.

“आक्का, गाठोड्यात भाकरी हाय का? असंल तर लौकर सोडा, दिवस बुडाय लागलाय.”