गांधीबागले कोण सांगते?

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. एकाच टीमच्या मागे वीस-बावीस वर्षं फिरा, दरवर्षी हरा आणि हरल्यावर एकाच पानठेल्यावर येऊन उभे राहा, ते आपोआप साचतात. जिंकणाऱ्यांकडे कप असतात. आमच्याकडे कप नव्हता, त्यामुळे किस्से भरपूर!

आमची टीम म्हणजे मोहल्ल्याची कबड्डीची टीम. मोहल्ला विणकरांचा, घरोघरी हातमाग. माझे वडील मागावर बसायचे, मी मात्र हिंगण्याच्या एका कंपनीत फिटर झालो. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलो की घरी न जाता थेट मैदानावर, टीमची प्रॅक्टिस बघायला. लग्न झालं तेव्हा बायकोला वाटलं, नवरा कबड्डी खेळतो. नवरा नुसता बघतो, हे तिला सांगायला मला दोन महिने लागले.

समोर असायचे गांधीबागवाले. म्हणजे आमच्या मोहल्ल्यात विणलेल्या साड्या जे विकायचे, त्या कापडवाल्यांची टीम. त्यांना जर्सी, त्यांना बूट, मॅचच्या आधी त्यांना ग्लुकोज! दरवर्षी सेमीफायनल नाहीतर फायनलला आमची त्यांच्याशी गाठ पडायची आणि आम्ही हरायचो. बरं, आमची पोरं कमी होती असंही नाही. त्यांचा सुरेश नावाचा एक गडी चढाईला यायचा. आमची पोरं हातात हात धरून त्याला घेरणार, म्हणजे साखळी टाकणार, तर बेटा त्याच्या अगदी आधी मागे सरकायचा. नंतर नाही, आधी! आता हे कोणी सांगितल्याशिवाय होतं का?

म्हणजे आमच्यातच कोणीतरी फितूर होता. तो हुडकून काढायचा आणि मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, गांधीबागला हरताना डोळ्यांनी पाहायचं, एवढंच मला आयुष्यात पाहिजे होतं. प्रमोशन वगैरे नंतर.

* * *

पहिला संशय मात्र तेलावर गेला. त्यांची पोरं हातातून सटकतात म्हणजे अंगाला तेल चोळून येतात, असं वामनरावाचं ठाम मत. वामनराव म्हणजे आमच्या पानठेल्याचा मालक. मग एका मॅचच्या आधी आम्ही त्यालाच पाठवलं. "आशीर्वाद द्यायले आलो, पोरं हो!" असं म्हणत त्याने गांधीबागच्या सातही जणांना छातीशी धरलं, पाठीवरून हात फिरवला, प्रत्येकाच्या मानेपाशी नाक नेलं. परत आला तो गंभीर चेहऱ्याने.

"तेल आहे काय गा?"

"तेल नाही. पावडर आहे."

"मग?"

"लय भारी वास आहे बे!"

ती मॅच आम्ही हरलो, ते सोडा. वामनराव घरी गेला आणि त्याच्या शर्टाला येणाऱ्या त्या वासाचा त्याच्या बायकोला वेगळाच संशय आला. तिची समजूत घालायला आम्हा तिघांना त्याच्या घरी जावं लागलं. "सात पोराइले पोटाशी धरलं वहिनी, त्याचा वास आहे हा," असं मी शपथेवर सांगितलं. ते ऐकून ती आणखीच भडकली.

* * *

मग मला मैदानाचा संशय आला. मधली रेषा सरकवून आमच्या बाजूचा भाग मोठा केला असणार, म्हणून आमची पोरं घेरताना कमी पडतात! मी नामदेवला गाठलं.

नामदेव माझा लहानपणापासूनचा दोस्त. तो मागावरच राहिला. दिवसभर मागाच्या खटखटाटात बसायचा, त्यामुळे बोलायची सवय कमी. मॅचला तो आणि मी कायम आमच्या टीमच्या मागे, शेवटच्या रेषेला लागून बसायचो. हाफटाइमला टीमने बाजू बदलली की आम्हीही पाठोपाठ तिकडे.

सकाळी सकाळी नामदेव घरून ताण्याचा धागा घेऊन आला. एका टोकाला तो, एका टोकाला मी. लांबी मोजली, रुंदी मोजली, कर्णसुद्धा मोजला. आणि निघालाच की फरक! एक बाजू चांगली हातभर मोठी. मी तर नाचायलाच लागलो. पंचांकडे तक्रार, पेपरात बातमी, मोर्चा, सगळं माझ्या डोक्यात तयार झालं.

नामदेवाने शांतपणे धागा गुंडाळला आणि विचारलं, "हाफटाइमले आपण उठून तिकडं काहून जातो बे?"

मी जरा वेळ विचार केला आणि कामावर निघून गेलो.

* * *

आमचा कॅप्टन मधुकर हुशार पोरगा. तो म्हणाला, आपण साखळी टाकताना एकमेकांना ओरडून सांगतो ते गांधीबागवाल्यांना कळतं, तर आता शब्द ठरवून घेऊ. गुप्त! बाहेरच्या कुणाला अर्थ लागणार नाही असे. मोहल्ल्यातली सगळी डोकी दोन दिवस कामाला लागली. शेवटी ठरलं. समोरून घेरायचं तर 'ताणा', म्हणजे उभा धागा; बाजूने घेरायचं तर 'बाणा', म्हणजे आडवा, आणि सगळ्यांनी एकदम झडप घालायची तर 'काठ'.

गांधीबागवाल्यांचा जन्म कापडात गेलेला!

पहिल्या चढाईला मधुकर "ताणा!" म्हणून ओरडला आणि सुरेश बाजूला सरकला. दुसऱ्यांदा "बाणा!" झालं, तो मागे. तिसऱ्यांदा मधुकर जोरात "काठ!" म्हणाला, तेव्हा सुरेश मधल्या रेषेवरून हसत म्हणाला, "जरीचा की साधा?"

पुढच्या वर्षीपासून सगळे शब्द बंद झाले. आमची पोरं तोंडातून हूं की चूं न काढता खेळू लागली. तरीही हरलो. आता तर माझी खात्रीच पटली. मैदानावर कोणी बोलत नाही म्हणजे जे काय बोललं जातं ते मैदानाच्या बाहेर.

* * *

फितूर पकडायचा म्हणून मी एक डाव टाकला. आमच्या पानठेल्यावरच्या तिघांना तीन वेगवेगळ्या थापा मारल्या. वामनरावाला सांगितलं, मधुकरचा गुडघा दुखावला. पांडुरंगकाकांना, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला सांगितलं, त्याचा खांदा निखळला. नामदेवाला सांगितलं, त्याला ताप आहे. गांधीबागवाले ज्या थापेप्रमाणे खेळतील तो फितूर! डिटेक्टिव्हसुद्धा एवढं डोकं लावणार नाही.

मॅचच्या दिवशी सकाळी वामनराव निरगुडीचा पाला घेऊन मधुकरच्या घरी गेला. तो निघतो न निघतो तोच पांडुरंगकाका हळदीचा लेप घेऊन हजर. त्यांच्या मागोमाग नामदेव डब्यात भाताची पेज घेऊन!

मधुकर बिचारा "मले काही नाही झालं वं माय" म्हणून ओरडत होता. त्याच्या आईने त्याला खोलीत बंद करून बाहेरून कडी घातली. मी हातापाया पडायला गेलो, तर म्हणाली, "तीन-तीन मानसं खोटं बोलतीन काय?"

त्या दिवशी आम्ही कॅप्टनशिवाय खेळलो. किती वाईट हरलो ते विचारू नका. थाप कोणी मारली ते मधुकरच्या आईला अजून माहीत नाही.

* * *

आता जरा कडू किस्सा. नामदेव दर आठवड्याला साड्या घेऊन गांधीबागला जायचा. हे मला आधी कसं सुचलं नाही याचंच आश्चर्य! आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी कंपनीतून सुटी काढली आणि सायकलवर त्याच्या मागे मागे गेलो. तो एका दुकानात शिरला. समोरच्या गल्लीतून मी पाहतो तर काय, नामदेव गादीवर बसून चहा पितोय, आणि शेजारी कोण? सुरेश! सुरेश हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि कधी न हसणारा नामदेव पोट धरून हसत होता.

संध्याकाळी पानठेल्यावर सगळ्यांसमोर मी त्याला धरलं.

"गांधीबागले चहा पेऊन राहिला होता ना तू? सुरेशसोबत?"

"हो. त्याच दुकानात साड्या देतो मी. तो तिथंच कामाले आहे."

"काय सांगत होता त्याले?"

"मी नाही. तो सांगत होता."

"काय सांगत होता?"

नामदेवाने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "काही नाही गा."

"काही नाही म्हणजे? फितूर बे तू! इतके वर्षं माझ्या बाजूले बसून फितुरी केली!"

वामनरावाने लावलेलं पान तसंच ठेवून तो निघून गेला. त्यानंतर मैदानावर आलाच नाही. माझ्या बाजूची जागा रिकामी राहू लागली. चांगलं झालं, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं सांगतो, मला अजिबात चांगलं वाटत नव्हतं. मॅच बघताना कोपराने ढोसायला बाजूला माणूस लागतो.

आणि आम्ही हरतच होतो. एकदा वामनरावाने विचारलं, "आता तर तो येतही नाही. मग गांधीबागले कोण सांगते?"

मी म्हटलं, "जाता जाता सगळं सांगून गेला असन."

* * *

आणि मग आम्ही जिंकलो! फायनल! गांधीबागविरुद्ध!

मी नव्हतो.

त्या दिवशी कंपनीत माझ्यानंतरचा माणूस आलाच नाही आणि मला मशीन सोडून निघता येईना. कंपनीची बस गेली म्हणून कुणाचीतरी सायकल मागून मैदानावर पोचलो, तर गुलाल उधळून झाला होता, मधुकर कुणाच्यातरी खांद्यावर बसून रडत होता. मी पहिला प्रश्न विचारला, "साखळी लागली काय?"

"पाच वेळा!" वामनराव नाचत म्हणाला.

"सुरेशले? पाच वेळा? काहीतरी गडबड आहे."

"अन् ऐक ना, नामदेव आला होता! उभा राहून टाळ्या वाजवून राहिला होता!"

झालं! मी नाही त्याच दिवशी नामदेव हजर, आणि त्याच दिवशी सुरेश पाच वेळा सापडतो! मी तिथल्या तिथे जाहीर केलं की गांधीबागवाल्यांनी मॅच मुद्दाम सोडली. पेढा घ्यायलाही नकार दिला. तेव्हा पांडुरंगकाका माझ्या अंगावर धावून आले. "जनम गेला बे या दिवसासाठी! एक दिवस तरी गप राह्य!"

घरी जाताना सायकल हातात धरून चालत गेलो. गांधीबागला हरताना पाहायचं होतं, आणि मी सोडून सगळ्या मोहल्ल्याने ते पाहिलं होतं. चाळीशीच्या माणसाने रस्त्यात रडू नये, पण मी रडलो.

* * *

काही वर्षांनी वामनरावाच्या मुलीचं लग्न झालं, प्रताप नगरला. पंगतीत माझ्या शेजारी नवरदेवाकडचा एक पोट सुटलेला, टक्कल पडलेला माणूस येऊन बसला. मी ओळखलं नाही. त्याने ओळखलं.

"शंकरभाऊ ना तुमी? मी सुरेश, गांधीबागचा. भाऊ, त्या फायनलले काहून नव्हते आले? तुमच्यामुळं हरलो ना आमी!"

माझा घास हातातच राहिला. "माझ्यामुळं?"

"अरे, मी चढाईले आलो की तुमच्या पोराइकडं पाहतच नव्हतो. तुमी मागं बसून राहायचे ना रेषेपाशी, तुमच्याकडं पाहायचो! तुमची पोरं झपटायच्या आधी तुमी गुडघ्यावरची प्यांट अशी चिमटीत धरायचे, उठाले. तुमी चिमटी धरली की मी मागं!" त्याने बसल्या जागी करूनही दाखवलं. "मधुकरले स्वतःले माहीत नसे तो कधी झपटणार आहे. तुमाले माहीत राहे! त्या दिवशी तुमी नाही, अन् मी आंधळ्यासारखा फिरून राहिलो मैदानात."

मग तो वाढप्याला ओरडला, "भाऊले जिलेबी वाढ रे! लय उपकार आहेत आमच्यावर!"

मी जिलेबी तशीच टाकून उठलो आणि थेट नामदेवाच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो मागावर बसला होता. मला दारात पाहून त्याने माग थांबवला.

"फितूर सापडला," मी म्हटलं.

कोण, असं त्याने विचारलंच नाही.

"तुले माहीत होतं?"

"हो. त्या दिवशी चहा पेताना सुरेशनंच सांगितलं."

"मग ठेल्यावर बोलला काहून नाही बे? चारचौघात फितूर म्हटलं मी तुले! ती फायनल सोडली तर इतके वर्षं मैदानावर पाय नाही ठेवला तू!"

नामदेव मागावर जरा सरकला, मला बसायला जागा केली. मग म्हणाला,

"सांगितलं असतं, तर तू मॅचले आला असता काय?"