न मोडलेली काडी

दिनांक १० मार्च १९७४, रविवार. स्थळ कोंढा, लीलेच्या वडिलांची ओसरी. रक्कम तीनशे एकावन्न रुपये. हजर पाच पंच, आसगावचे दयाराम मास्तर, त्यांची बायको लीला, लीलेचे वडील आणि मी. लीला त्या दिवशी सकाळपर्यंत मास्तरांची बायको होती. पुढच्या महिन्यात ती माझी झाली, आज अकरा वर्षे होत आली. दयाराम मास्तर गेल्या महिन्यात वारले. शाळेतून सायकलीने परत येताना छातीत कळ आली आणि रस्त्याच्या कडेला बसले, ते उठलेच नाहीत. त्यांच्यावर वर्तमानपत्राच्या पुरवणीत कोणी लिहावे, तर त्यांच्या विद्यार्थ्याने. मी लिहितो आहे, कारण अकरा वर्षे त्या माणसाचा विचार माझ्याइतका कोणी केला नसेल... आणि तो चांगल्या मनाने केलेला नव्हता. लीलेला विचारून लिहितो आहे.

आमच्याकडे तेव्हा नवराबायकोची फारकत कोर्टात होत नसे. पंच बसत. पुढचा नवरा आधीच्या घराला लग्नाचा खर्च भरून देई, म्हणून रक्कम माझ्या खिशात होती. मास्तरांचे लग्न ते नागपूरला शिकत असताना झाले आणि लीला आसगावला सासूजवळ राहिली. चार वर्षांत दोघे बावीस दिवस एका घरात राहिले, असे लीलेच्या वडिलांनी पंचांना सांगितले. पंचांना तो आकडा कमी वाटला. मला जास्त वाटला. मास्तर एवढेच म्हणाले, “चूक माझी आहे, तिची नाही.” पैसे त्यांनी मोजून घेतले, साडेतीनशे. वरचा एक रुपया माझ्या हातावर परत ठेवला आणि हळूच म्हणाले, “हा तिले देजा, भाऊ. माझ्याकडून.” मी तो खिशात टाकला.

मग काडी. सरपंचांनी अंगणातल्या ढिगातून तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, एक काडी ओढून आणली. एक टोक मास्तरांच्या हातात, दुसरे लीलेच्या. दोघांनी ओढून मोडायची, की नाते संपले. आदल्या रात्री गारा पडल्या होत्या आणि तणस ओले होते. काडी मोडली नाही. ती वाकली, मध्ये दबली, आणि दोघांपैकी कोणाच्या तरी हातातून सुटून खाली पडली. सरपंच म्हणाले, “झालं, चला च्या घ्या.” सगळे उठले. पण मी सोसायटीत हिशेब लिहिणारा माणूस. मी पाहिले होते की काडी अख्खी होती.

पंचांनी मानलेले सगळ्या गावाने मानले. मलाच ते मानता आले नाही. लीलेने या अकरा वर्षांत मास्तरांचा उल्लेख चार वेळा केला. त्यातला एक कढीवरून होता, आसगावला कढी पातळ करतात, एवढाच. मी त्यानंतर तीन महिने कढी खाल्ली नाही. ती दारात उभी राहून रस्त्याकडे पाहत असली, तर मी रस्त्यावर कोण आहे ते पाहून येई. बहुतेक वेळा भाजीवाली असे.

एक्याऐंशी साली मास्तर आमच्या पवनीच्या शाळेत बदलून आले आणि खतासाठी सभासद व्हायला आमच्या सोसायटीत आले. माझ्याच टेबलापुढे बसले. केस पिकले होते. मी फॉर्म भरू लागलो. विवाहित की अविवाहित, या रकान्याशी माझा पेन थांबला. त्यांनी दुसरे लग्न केले नव्हते, हे मला ठाऊक होते. का केले नाही, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारत असे.

“काय लिहू, गुरुजी?”

“घटस्फोटित लिहा ना.”

“कोर्टाचा कागद लागते त्याले.”

“कागद कुठून आणू? आपल्याकडं तं काडी होती, भाऊ.” आणि हसले. मी हसलो नाही. मग त्यांना शिकवायची सवय असल्यामुळे असेल, ते इंग्रजी शब्दावर बोलू लागले, डायव्होर्सवर. म्हणाले, आपले शब्द सगळे फोडणारे नाहीतर मोडणारे. घट फोडा, काडी मोडा. त्यांचा शब्द तसा नाही. तो जुन्या लॅटिनमधून आला. तिथे त्याचा अर्थ वेगळ्या दिशेला वळणे. वाट जिथे दुभागते ती जागा, डोंगरमाथ्यावर पाणी जिथून दोन्हीकडे उतरते ती जागा, यांनाही तोच शब्द. पुढे इंग्लंडात चर्चच्या हाती गेला, तेव्हा नवराबायको वेगळे राहू शकत, पण दुसरे लग्न कोणालाच करता येत नसे, तरी त्याला नाव हेच. मग पैसेवाले पार्लमेंटातून स्वतःपुरता कायदा करून घेऊ लागले, आणि फार उशिरा तो साध्या माणसाच्या कोर्टात आला. “शब्द तोच राह्यला, भाऊ. माणसं त्यात वेगवेगळं भरत गेले. मुळात त्यात काहीच तुटत नाही. आपला कोंढ्याचा फाटा नाही का, तसं. दोन रस्ते होतात, बस.”

उदाहरणाला त्यांना कोंढ्याचाच फाटा सुचला. म्हणजे त्यांनीही पाहिले होते, काडी तुटली नव्हती. आणि इतकी वर्षे ते त्यासाठी शब्द शोधत बसले होते... मी रकान्यात रेघ ओढली आणि सही घेतली. घरी काही सांगितले नाही.

गेल्या महिन्यात मास्तर गेल्याची बातमी आली तेव्हा दुपार होती. लीला तांदूळ पाखडत होती. मी सांगितले. सूप थांबले. तिने विचारले, “जेवले होते का?” मला ते लागले. मी म्हणालो, “तुले आंघोळ कराची असन तं कर.” जवळचे कोणी गेले की डोक्यावरून आंघोळ करतात, म्हणून.

“कायले? माझं सुतक तुमच्या घरचं आहे.”

एवढ्यावर मी गप्प बसायला हवे होते. पण म्हणालो, “ते काडी मोडली नव्हती. मी पाह्यलं होतं.”

“मी बी पाह्यलं.”

“मंग?”

“मंग काय. मीनं सोडली ना हातातून.” आणि ती पुन्हा पाखडू लागली.

मी आत गेलो. पेटीत सातबाराच्या उताऱ्यांखाली एक पुडी होती, वर १०-३-७४ असे माझ्याच अक्षरात. आतला रुपया काळा पडला होता. सोसायटीच्या वहीत मी कधी एक पैसा इकडचा तिकडे केला नाही. हा रुपया मात्र माझा नव्हता आणि तो मी अकरा वर्षे ठेवून घेतला. आणून तिच्यापुढे ठेवला. “मास्तरांनी तुले देला होता. तवाच.”

तिने तो पदराने पुसला. “मालूम आहे. मी आयकलं होतं. तुमी कधी देता, तेच पाहून राहिली होती.” मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “आन व्याज?”

रुपया आता तांदळाच्या डब्यात असतो. रोज माप भरताना तिच्या बांगड्यांना लागतो, त्याचा बारीक आवाज मला बाहेर ओसरीपर्यंत ऐकू येतो. मुद्दल एक रुपया, लीलेला पोचला. व्याज तिने अजून सांगितलेले नाही.