सोमवारचं उत्तर

वसुधाताई गेल्याचा फोन त्यांच्या यजमानांनी, डेव्हिडनी केला. त्याला आता पाच आठवडे झाले. मी लेकीला, इराला, लीड्सला कळवलं. "मिसेस हॅरिस?" तिने विचारलं. तिच्यासाठी त्या कायम मिसेस हॅरिसच राहिल्या.

पुण्याहून आम्ही बर्मिंगहॅमला आलो तेव्हा इरा आठ वर्षांची होती. घरी अखंड बडबडणारी पोर शाळेत तोंड उघडेना. माझा धीर सुटला. मी तिच्या वर्गाच्या बाईंना, मिसेस हॅरिसना, ईमेल लिहायला लागले. सकाळी एक, दुपारी एक, शाळा सुटल्यावर एक लांबलचक. आज बोलली का? कुणाशेजारी बसली? डबा खाल्ला का? उत्तर यायचं दोन दिवसांनी, तीन ओळींचं. एकदा चार दिवस काहीच आलं नाही, तेव्हा मी सरळ हेडटीचरकडे तक्रार केली की बाईंना माझ्या मुलीची पर्वा नाही.

पुढच्या आठवड्यात बाईंनी मला बोलावलं. मी इंग्रजी वाक्यं पाठ करून गेले होते. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर मला बसवून त्या चक्क मराठीत म्हणाल्या, "तुमची प्रत्येक ईमेल वाचली मी. पण सगळ्यांना उत्तरं लिहीत बसले, तर इराजवळ कधी बसू?"

इंग्रजी आडनावामागे नाशिकची बाई असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तोडगा त्यांनीच काढला. मी शुक्रवारी एकच ईमेल लिहायची, सोमवारी संध्याकाळपर्यंत त्या उत्तर देणार. तातडीचं असेल तर ऑफिसला फोन. "आणि शनिवार-रविवार माझी वाट पाहायची नाही. माझ्याही घरात माणसं आहेत."

पहिल्या सोमवारी उत्तर आलं, एका ओळीचं. 'खिडकी उघडू का, असं इराने आज विचारलं.' ती ओळ मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कितीदा वाचली असेल...

इरा त्या शाळेतून बाहेर पडली आणि आमची मैत्री सुरू झाली. मी 'ताई' म्हणायला लागले, त्या 'अगं' म्हणायला लागल्या. तक्रारीचा विषय मात्र दोघींनी कधी काढला नाही. शेवटच्या आजारपणात भेटायला गेले तेव्हा मीच धीर करून म्हटलं, "ताई, तेव्हा मी चुकले."

"आई होतीस, घाबरली होतीस," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्या आठवड्यात सासूबाई गेल्या होत्या गं. शाळेत जात होते, पण लिहायचं त्राण उरत नव्हतं. तरी एक ओळ टाकायला हवी होती मी."

इतक्या वर्षांत त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

मागच्या शनिवारी त्यांच्या घरी गेले. डेव्हिडनी दार उघडलं, माझा कोट घेतला. मराठी ते कुणाकडे शिकले नाहीत. बायकोचं ऐकून ऐकून जेवढी कानावर पडली, तेवढीच. "बस गं," ते म्हणाले, "मी चहा टाकते."

'टाकते'च म्हणाले. मी दुरुस्त केलं नाही. बसले.