पेन्सिलनं लिहिलेल्या चिठ्ठ्या

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं, तेव्हाची गोष्ट. मी ओडिशाच्या किनाऱ्यावरून समुद्री कासवांचे नमुने घेऊन लॅबला निघाले होते आणि वाटेत एक दिवस रायपूरला, गुढियारीतल्या आमच्या घरी उतरले.

नमुने म्हणजे घरट्यात मेलेल्या पिल्लांच्या कातडीचे बारीक तुकडे, स्पिरिट भरलेल्या छोट्या नळ्यांमध्ये. प्रत्येक नळीवरच्या चिठ्ठीवर किनाऱ्याचं नाव आणि घरट्याचा नंबर, पेन्सिलनं. स्पिरिट सांडलं तर शाई पसरते, पेन्सिल टिकते... एवढं मात्र मी बाबांना सांगितलं नाही.

बाकी सगळं सांगितलं होतं. मादी जिथे जन्मली त्याच भागात अंडी घालायला परत येते, आणि डीएनएचा एक भाग फक्त आईकडूनच मुलांत उतरतो. म्हणून प्रत्येक किनाऱ्याचे नमुने तपासून ठेवले, की दूर समुद्रात सापडलेलं कासव मूळचं कुठलं याचा माग लागतो.

"म्हंजे बाळंतपनाले माहेरीच येते म्हन न," बाबा म्हणाले. फार आवडलं त्यांना ते.

बाबांची सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेलेली. पेन्सिलचं लिहिणं म्हणजे कच्चं, हे हाडीमाशी खिळलेलं. मी गोल बाजारात गेले तेवढ्या वेळात त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या सोलून काढल्या आणि नव्या चिकटवल्या... शाईच्या पेननं, मोत्यासारख्या अक्षरात. जुन्या फेकून दिल्या. मी नळ्यांचा डबा न उघडताच गाडीत बसले.

प्रवासात काही नळ्या गळल्या आणि डबाभर स्पिरिट पसरलं. लॅबमध्ये डबा उघडला तर चिठ्ठ्यांवर नुसते निळे डाग. अख्ख्या सीझनची मेहनत, आणि कुठलं पिल्लू कुठल्या किनाऱ्याचं ते आता कोणालाच सांगता येणार नव्हतं.

मी घरी फोन लावला. "पेन्सिलचं कोनी मानत नाही बेटा, म्हनून पक्कं करून देल्लं," बाबा म्हणाले. त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

दिवाळीला घरी गेले तेव्हा दोघंही तो विषय टाळत होतो. तिसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनीच विचारलं, "ते आईकडून येते म्हनत होती तू... मंग माह्या रक्तातून माह्या आईचं गाव समजन का?"

बाबा चार महिन्यांचे असताना त्यांची आई गेली. आजोबांनी दुसरं लग्न केलं, आणि घरात तिचा विषयच बंद झाला. तिचं माहेर कुठलं, मामा कोण, बाबांना काहीच ठाऊक नव्हतं. हे मला माहीत होतं, पण त्यांना ते इतकं लागून राहिलंय याची कधी कल्पना आली नाही.

खोटं बोलवेना. म्हटलं, बाबा, रक्तात आईची खूण आहे, पण गावाचं नाव नाही. नाव कोणीतरी लिहून ठेवावं लागतं.

त्यांनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "मंग मी त्या पिल्लायसंग तेच केलं न."

माझा राग त्या क्षणी संपला. लाज तेवढी उरली, आजही आहे.

पुढच्या सीझनला निघाले तेव्हा त्यांनी डझनभर पेन्सिली टोक काढून माझ्या बॅगेत ठेवल्या होत्या. आता बाबा नाहीत. त्या निळ्या डागांच्या नळ्या अजून लॅबच्या फ्रीझरमध्ये आहेत, कोणाच्या काही कामाच्या नाहीत, पण माझ्याच्यानं टाकवत नाहीत...

तुमच्या आजीचं माहेर कोणतं? सांगणारं कोणी असेल तर आजच विचारा आणि लिहून ठेवा. पेन्सिलनं चालेल.